गार्सिया द ओर्ता

गार्सिया द ओर्ता (जन्म : सुमारे १५०१, कास्तेलो द विदे, पोर्तुगाल, मृत्यू : १५६८, गोवा) हे सोळाव्या शतकातील पोर्तुगीज वैद्य, औषधी वनस्पतींचे अभ्यासक आणि ग्रंथकार होते. आयुष्याची अखेरची सुमारे चौतीस वर्षे त्यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर घालवली. गोव्यात वास्तव्य करून त्यांनी येथील झाडपाला, मुळे, फळे, डिंक आणि मसाले यांची प्रत्यक्ष पाहणी केली व १५६३ साली 'भारतातील औषधे व द्रव्यांविषयीचे संवाद' या अर्थाच्या शीर्षकाचा पोर्तुगीज ग्रंथ गोव्यातच छापून प्रसिद्ध केला. हळद, निरगुडी, कडुनिंब, बिब्बा, धोत्रा यांसारख्या, मराठी माणसाच्या परसातील व रानातील वनस्पतींचे औषधी उपयोग युरोपीय वाचकांपुढे सविस्तर मांडणारा हा आरंभीचा ग्रंथ होय. सूज, खाज, दमा अशा ज्या तक्रारींवर या वनस्पती दिल्या जात, त्यांपैकी अनेकींचा विचार आज ॲलर्जी (अधिहर्षता) आणि तज्जन्य दाह या संकल्पनांच्या आधारे केला जातो. त्यामुळे वनस्पतिजन्य संयुगांच्या आधुनिक संशोधनाच्या इतिहासातही ओर्ता यांच्या नोंदींना स्थान आहे.

ओर्ता हे जन्माने ज्यू कुटुंबातील होते. बाह्यतः ख्रिस्ती म्हणून वावरलेल्या या वैद्याला हयातीत राजमान्यता मिळाली. परंतु मृत्यूनंतर त्यांच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले आणि पुढे अकरा वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

पूर्वपीठिका आणि बालपण

१४९२ साली स्पेनच्या राजसत्तेने ज्यू प्रजेपुढे दोनच मार्ग ठेवले : बाप्तिस्मा किंवा देशत्याग. देशत्याग करणाऱ्यांपैकी अनेक कुटुंबे सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आली. ओर्ता यांचे वडील फर्नांव द ओर्ता हे स्पेनमधील व्हालेन्सिया द अल्कांतारा येथील व्यापारी होते, तर आई लिओनोर गोमिश या आल्बुकेर्के गावच्या होत्या. दोन्ही गावे पोर्तुगालच्या सीमेलगतची. पोर्तुगालमध्ये आलेल्या या निर्वासितांना तेथेही शांतता लाभली नाही. १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने सर्व ज्यूंचे सक्तीने धर्मांतर करविले. अशा धर्मांतरितांना 'नवे ख्रिस्ती' म्हटले जाई. कागदोपत्री ते ख्रिस्ती असत, पण समाजाच्या आणि धर्मसत्तेच्या संशयातून ते कधीच पूर्णपणे सुटले नाहीत.

गार्सिया यांचा जन्म सीमेवरील कास्तेलो द विदे या गावी झाला. त्यांना व्हिओलान्ते, कातारिना व इझाबेल अशा तीन बहिणी होत्या. घरात जुन्या धर्माच्या चालीरीती गुप्तपणे पाळल्या जात असाव्यात, असे पुढील काळात कुटुंबीयांवर चाललेल्या खटल्यांतील जबान्यांवरून दिसते.

शिक्षण आणि पोर्तुगालमधील कारकीर्द

ओर्ता यांचे उच्च शिक्षण स्पेनमधील सालामांका आणि अल्काला द एनारेस या विद्यापीठांत झाले. तेथे त्यांनी कला, तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांचा अभ्यास केला. त्या काळचे युरोपीय वैद्यक ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस, डायोस्कोरिडीस व गेलन आणि अरबी परंपरेतील इब्न सीना यांच्या ग्रंथांवर उभे होते. रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त या चार द्रवांचा समतोल बिघडला की रोग होतो, अशी धारणा होती. औषधी वनस्पतींचे ज्ञानही प्रामुख्याने पुस्तकी असे. मिरी, दालचिनी, सुंठ, कोष्ठ ही द्रव्ये युरोपच्या बाजारात विकली जात, मात्र ती ज्या झाडांपासून मिळतात ती झाडे युरोपातील वैद्यांपैकी जवळजवळ कोणीच पाहिलेली नव्हती.

शिक्षण पूर्ण करून ओर्ता १५२३ च्या सुमारास पोर्तुगालला परतले. काही काळ जन्मगावी व्यवसाय केल्यावर ते लिस्बनला गेले. १५२६ मध्ये त्यांना वैद्यकीचा परवाना मिळाला आणि १५३० पासून ते लिस्बन विद्यापीठात अध्यापन करू लागले. राजा तिसरा जुआंव यांच्या दरबारी वैद्यांतही त्यांची गणना होत असे. प्रतिष्ठा मिळाली तरी धोका टळला नव्हता. स्पेनच्या धर्तीवर पोर्तुगालमध्येही इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचा शोध घेऊन शिक्षा करणारे धर्मन्यायालय, स्थापन करण्याच्या हालचाली चालू होत्या आणि १५३६ साली ते प्रत्यक्षात आले. त्याआधी दोन वर्षे ओर्ता यांनी देश सोडला होता.

भारतात आगमन

मार्तिम आफोन्सो द सोझा या पोर्तुगीज सरदाराची हिंदी महासागरातील आरमाराचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वैद्य म्हणून ओर्ता त्यांच्यासोबत निघाले. मार्च १५३४ मध्ये लिस्बनहून निघालेले जहाज त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोव्याला पोहोचले.

पुढील चार वर्षे ओर्ता सोझा यांच्या मोहिमांबरोबर किनारपट्टीवर फिरत राहिले. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली, १५३५ मध्ये दीवला किल्ला उभारण्याची परवानगी मिळाली. या घडामोडी त्यांनी जवळून पाहिल्या. याच काळात त्यांनी मुंबईजवळील घारापुरीची लेणी पाहिली. त्यांच्या ग्रंथातील लेण्यांचे वर्णन हे युरोपीय लेखकाने केलेल्या अगदी आरंभीच्या वर्णनांपैकी एक आहे. सोझा १५३८ मध्ये पोर्तुगालला परतले, परंतु ओर्ता गोव्यातच राहिले. पुढे १५४२ ते १५४५ या काळात सोझा गोव्याचे गव्हर्नर म्हणून पुन्हा आले आणि उभयतांचा स्नेह कायम राहिला.

निजामशाही दरबार

ओर्ता यांच्या व्यासंगाला कलाटणी देणारा संबंध अहमदनगरच्या निजामशाहीशी आला. पहिला बुऱ्हाण निजामशहा (मृत्यू १५५३) हा त्यांचा रुग्ण, आश्रयदाता आणि मित्र होता. ओर्ता गोव्याहून घाट चढून अनेकदा त्याच्या दरबारी गेले. कायमचे दरबारी वैद्य व्हावे म्हणून निजामशहाने त्यांना मोठे वेतन देऊ केले होते. ते त्यांनी स्वीकारले नाही. दख्खनच्या ज्या पट्ट्यात ही सल्तनत पसरली होती, त्यात आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परंडा किल्ल्याचा समावेश होतो. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ परंड्याला होती.

या दरबारात अरबी व फारसी वैद्यकाचे जाणकार हकीम होते, तसेच देशी वैद्यही होते. एकाच द्रव्याला अरबी, फारसी, गुजराती, दख्खनी, कोकणी आणि मलबारी भाषांत काय म्हणतात, हे ओर्ता यांनी येथे बारकाईने विचारून घेतले. नावांचा गोंधळ ही त्या काळच्या औषधिविज्ञानातील मोठी अडचण होती. एका नावाने तीन वेगळी मुळे विकली जात, तर एकच मूळ तीन नावांनी. औषध लागू पडले नाही तर दोष रोगाचा, वैद्याचा की चुकीच्या मुळीचा, हे ठरवणे अशक्य असे. ओर्ता यांनी नावांची उकल करण्यावर जो भर दिला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानी येते.

गोव्यातील संसार, बाग आणि मुंबई बेट

गोव्यात ओर्ता यांचा वैद्यकीचा व्यवसाय उत्तम चालला. व्हाइसरॉय, गव्हर्नर, सरदार व व्यापारी हे त्यांचे रुग्ण होते. वैद्यकीबरोबरच औषधी द्रव्ये आणि रत्ने यांचा व्यापारही ते करीत. १५४३ मध्ये त्यांचा विवाह त्यांच्या नात्यातील ब्रियांदा द सोलिस हिच्याशी झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

घराभोवती त्यांनी मोठी बाग राखली होती. दूरवरून आणलेली रोपे तेथे लावून ती कशी वाढतात, फुलतात आणि फळतात हे ते पाहत. १५५४ च्या सुमारास व्हाइसरॉय पेद्रो मास्करेन्यश यांच्याकडून त्यांना मुंबईचे बेट वार्षिक खंडाने मिळाले. तेथील आंब्यांचा उल्लेख त्यांच्या ग्रंथात कौतुकाने आला आहे. त्यांनी बेटावर बांधलेल्या वाड्याच्या जागीच पुढे इंग्रजांचा मुंबईचा किल्ला उभा राहिला, असे मानले जाते. हा परिसर आज भारतीय नौदलाच्या 'आंग्रे' तळाचा भाग आहे.

मायदेशी राहिलेल्या कुटुंबाची काळजी मात्र त्यांना होती. बहिणी कातारिना आणि इझाबेल यांना १५४७ मध्ये लिस्बनच्या इन्क्विझिशनने चौकशीसाठी पकडले होते. सुटका झाल्यावर त्या आईसह गोव्यात आल्या. त्या वेळी गोव्यात इन्क्विझिशन नव्हते. मायदेशाच्या मानाने हा प्रदेश सुरक्षित वाटणे स्वाभाविक होते.

'संवाद' ग्रंथ

गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ साली आले. भारतातील हे पहिले मुद्रणयंत्र होय. त्याच्या अवघ्या सात वर्षांनंतर, १० एप्रिल १५६३ रोजी, ओर्ता यांचा ग्रंथ जुआन्निस द एन्देम या मुद्रकाने छापून पुरा केला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या काही पुस्तकांत त्याचा समावेश होतो आणि देशात मुद्रित झालेले वैद्यकविषयक पहिले पुस्तक तोच मानला जातो. छपाईत चुका पुष्कळ राहिल्या. सुप्रसिद्ध पोर्तुगीज कवी लुईश द कामोंइश त्या काळी गोव्यात होते. त्यांनी व्हाइसरॉयला उद्देशून रचलेले काव्य या ग्रंथाच्या आरंभी आहे व तीच त्यांची पहिली मुद्रित कविता होय.

त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन होती. ओर्ता यांना ती उत्तम अवगत असूनही त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिले. खलाशी, व्यापारी, गावोगावचे वैद्य यांना उपयोग व्हावा हा त्यामागील हेतू होता.

ग्रंथ संवादरूप आहे. स्पेनहून आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतात. रुआनो हा पुस्तकी पांडित्याचा प्रतिनिधी आहे. प्रत्येक प्रसंगी तो ग्रीक व अरबी ग्रंथांचा आधार काढतो. ओर्ता त्याला झाड, फळ किंवा मूळ प्रत्यक्ष दाखवतात. घरातील दासी अँतोनिया मागितलेली वनस्पती आणून देते. एका ठिकाणी मालुपा नावाचा स्थानिक हिंदू वैद्यही संवादात सहभागी होतो. दासी आणि देशी वैद्य ही पात्रे अल्पकाळच दिसतात, पण ओर्ता यांच्या ज्ञानाचा मोठा भाग अशाच लोकांकडून आला होता याची ती साक्ष आहेत.

प्रकरणांची रचना द्रव्यांच्या नावांच्या वर्णक्रमाने केली आहे. कोरफडीचा बोळ, हिंग, भांग, वेखंड, कापूर, वेलदोडा, बहावा, दालचिनी, नारळ, कोष्ठ, लवंग, आले, फणस, लाख, आंबा, हिरडा-बेहडा-आवळा, मिरी, चोपचिनी, चंदन, चिंच, निशोत्तर, हळद, विड्याचे पान अशी ही मालिका आहे. एका प्रकरणात पटकीचे (कॉलऱ्याचे) वर्णन आहे. रोगाची लक्षणे, त्याची गती आणि मृत्यूनंतरची शरीराची तपासणी यांचे त्यातील निवेदन हे आशियाई पटकीचे युरोपीय वैद्याने केलेले पहिले सविस्तर वैद्यकीय वर्णन मानले जाते.

दाह, खाज आणि दमा यांवरील वनस्पती

ॲलर्जी ही संज्ञा ऑस्ट्रियन वैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली रूढ केली. ओर्ता यांच्या काळी ही कल्पना अस्तित्वात नव्हती. त्यांनी नोंदवले ते रोगाचे दृश्य रूप आणि त्यावर लोक काय वापरतात ते. या दृष्टीने पुढील वनस्पतींच्या नोंदी लक्षणीय आहेत.

बिब्बा : दख्खनमध्ये बिब्बा ताकात किंवा दुधात भिजवून दम्यावर व जंतांवर दिला जातो आणि कोवळ्या फळांचे मिठात लोणचे घालतात, अशी नोंद ग्रंथात आहे. बिब्ब्याचा रस कपड्यावर न पुसणारी खूण करण्यासाठी परीट वापरत आले आहेत. हाच रस कातडीवर लागला तर काहींच्या अंगावर फोड, सूज व खाज येते. मराठवाड्यात त्याला बिब्बा उतणे म्हणतात. आधुनिक परिभाषेत हा संपर्कजन्य ॲलर्जीचा नमुनेदार प्रकार होय. बिब्ब्याच्या तेलातील कॅटेकॉल वर्गातील संयुगे कातडीतील प्रथिनांना चिकटतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना परके समजते आणि पुढच्या संपर्कात एक-दोन दिवसांनी दाह उफाळून येतो. आयुर्वेदात विटेच्या पुडीने बिब्ब्याचे शोधन केल्याशिवाय तो पोटात देत नाहीत, त्याचे कारण हेच. एकाच फळात औषध आणि उपद्रव दोन्ही असतात, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हळद : कापडाचा रंग आणि जेवणातील मसाला याखेरीज देशी वैद्य हळद डोळ्यांच्या विकारांवर आणि खरजेवर वापरतात, असे ओर्ता यांनी लिहिले आहे. युरोपीय लोक तिला येथील केशर म्हणत. ती खऱ्या केशराहून वेगळी आहे, हे त्यांनी स्पष्ट केले.

निरगुडी : सूज व वेदना यांवर निरगुडीचा पाला वाटून, गरम करून बांधण्याची पद्धत ग्रंथात नोंदली आहे. महाराष्ट्रातील खेड्यांत बांधावरच्या निरगुडीचा शेक आजही दिला जातो.

कडुनिंब : कडुनिंबाची युरोपला ओळख करून देणाऱ्या लेखकांत ओर्ता अग्रस्थानी आहेत. घोड्यांच्या चिघळलेल्या जखमा त्याच्या पाल्याने भरून येतात, या अनुभवाची त्यांनी नोंद केली.

धोत्रा : धोत्र्याच्या बिया अन्नातून देऊन माणसाला बेभान करण्याचे व लुटण्याचे प्रकार त्यांनी वर्णिले आहेत. धोत्र्याच्या पानांचा धूर दम्यावर घेण्याची रीत भारतातून युरोपात गेली ती बरीच नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी.

आधुनिक संशोधनाच्या प्रकाशात

ॲलर्जीत नेमके काय घडते, हे विसाव्या शतकात उलगडले. परागकण, धूळ, एखादे अन्न यांसारख्या निरुपद्रवी वस्तूविरुद्ध शरीर विशिष्ट प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींवर बसून राहतात. तीच वस्तू पुन्हा आली की मास्ट पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात आणि हिस्टामीनसह अनेक द्रव्ये बाहेर पडतात. त्यामुळे शिंका, पित्ताच्या गांधी, श्वासनलिकांचे आकुंचन व सूज ही लक्षणे दिसतात. या साखळीतील एखादी कडी तोडणारे संयुग वनस्पतींत मिळते का, याचा शोध जगभर चालू आहे.

ओर्ता यांनी वर्णिलेल्या वनस्पतींपैकी हळदीवर सर्वाधिक काम झाले. तिच्यातील पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, १८१५ मध्ये वेगळे करण्यात आले आणि त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये निश्चित झाली. कर्क्युमिनच्या दाहशामक गुणांवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७३ साली महत्त्वाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत हे संयुग मास्ट पेशींतून होणारा हिस्टामीनचा स्राव रोखते, तसेच दाह वाढवणारे पेशींतील संकेतही दडपते, असे आढळले आहे. तथापि पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे शोषले जाते आणि लवकर बाहेर टाकले जाते. परिणामी ॲलर्जीवरील सर्वमान्य औषध म्हणून ते अद्याप प्रस्थापित झालेले नाही. निरगुडीच्या कुलातील वनस्पतींत आढळणाऱ्या कॅस्टिसिन या फ्लॅव्होनॉइड संयुगाचाही असाच अभ्यास झाला आहे. धोत्र्यात अॅट्रोपीन वर्गातील अल्कलॉइडे असतात. ती श्वासनलिका शिथिल करतात, पण मेंदूवर आणि हृदयावर घातक परिणाम करू शकतात. अॅट्रोपीनच्या रचनेत बदल करून तयार केलेले इप्राट्रोपियम हे औषध मात्र आज श्वसनविकारांत फवाऱ्याद्वारे सर्रास दिले जाते.

पारंपरिक वनस्पतीपासून तपासलेल्या औषधापर्यंतचा पूर्ण प्रवास पाहायचा असेल, तर सोडियम क्रोमोग्लिकेटचे उदाहरण दिले जाते. भूमध्य समुद्राकाठच्या एका वनस्पतीच्या बियांतील खेलिन या संयुगावरून सुचलेले हे औषध १९६० च्या दशकात रॉजर आल्टून्यान या दमेकरी डॉक्टरने स्वतःवर चाचण्या घेऊन विकसित केले. ते मास्ट पेशी स्थिर करते. खेलिन, अॅट्रोपीन आणि कर्क्युमिन यांची तुलना केली की एक गोष्ट लक्षात येते : लोकपरंपरा दिशा दाखवते, परंतु मात्रा, शोषण आणि सुरक्षितता यांचा निर्णय मोजमापानेच होतो. ओर्ता यांच्या नोंदींचे मोल दिशादर्शक म्हणून आहे.

इन्क्विझिशन आणि कुटुंबाची शोकांतिका

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. नवे ख्रिस्ती, तसेच धर्मांतरित होऊनही जुन्या चालीरीती न सोडणारे स्थानिक लोक यांच्यावर त्याची करडी नजर होती. ओर्ता यांचा ग्रंथ याच संस्थेच्या सावलीत लिहून पुरा झाला व तिच्या परवानगीने छापला गेला. उच्चपदस्थांशी असलेला स्नेह आणि वैद्य म्हणून असलेली गरज यांमुळे त्यांच्या हयातीत त्यांना कोणी हात लावला नाही. १५६८ मध्ये त्यांचे गोव्यात निधन झाले.

त्यानंतर संरक्षण संपले. ऑक्टोबर १५६८ मध्ये बहीण कातारिना हिला अटक झाली. चौकशीत घरातील ज्यू आचार आणि गार्सिया यांचा गुप्त विश्वास यांविषयी जबान्या घेण्यात आल्या. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जाळून ठार मारण्यात आले. खटला तेथेच थांबला नाही. ४ डिसेंबर १५८० रोजी झालेल्या दंडविधीत ओर्ता यांना मरणोत्तर दोषी ठरवून त्यांच्या अस्थी थडग्यातून काढून जाळण्यात आल्या.

पुढे शतकानुशतके ओर्ता हे ख्रिस्ती पोर्तुगीज विद्वान म्हणूनच ओळखले गेले. खटल्यांची कागदपत्रे विसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आल्यावर त्यांच्या जीवनाची ही दुसरी बाजू उजेडात आली. गोव्याच्या इन्क्विझिशनचा आणि भारतीय मुद्रणाच्या आरंभाचा साधार इतिहास लिहिणारे मराठी संशोधक अ. का. प्रियोळकर यांचे ग्रंथ ओर्ता यांचा काळ समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहेत.

युरोपातील प्रसार

मूळ पोर्तुगीज ग्रंथ फार थोड्यांच्या हाती पडला. त्याची प्रत फ्लेमिश वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल द लेक्लूझ (क्लुसियस) यांना १५६४ मध्ये पोर्तुगालमध्ये मिळाली. संवादाचा ढाचा काढून टाकून त्यांनी लॅटिनमध्ये संक्षेप केला आणि तो १५६७ साली अँटवर्प येथे प्रसिद्ध झाला. युरोपातील वैद्यांनी ओर्ता वाचले ते मुख्यतः या संक्षेपातून. १५७८ मध्ये क्रिस्तोव्हांव द कोश्ता यांनी स्पेनमधील बुर्गोस येथे प्रसिद्ध केलेला सचित्र ग्रंथ बहुतांशी ओर्ता यांच्या सामग्रीवर आधारलेला आहे. अशा रीतीने ज्या वर्षी ओर्ता यांच्या अस्थी जाळल्या गेल्या, त्या वर्षी त्यांचे लेखन युरोपभर वाचले जात होते. काउंट फिकाल्यो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ ग्रंथाची सटीप आवृत्ती सिद्ध केली, तर क्लेमेंट्स मार्कम यांचा इंग्रजी अनुवाद १९१३ मध्ये आला.

मूल्यमापन

ओर्ता यांचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे ग्रंथप्रामाण्यापेक्षा प्रत्यक्ष अनुभवाला दिलेले महत्त्व. ग्रीकांनी लिहिले म्हणून ते खरे, असे मानण्यास त्यांनी नकार दिला. जे पाहिले ते आणि जे केवळ ऐकले ते, यांत त्यांनी शक्य तेथे भेद केला. स्वतःचे उपचार निष्फळ ठरल्यास देशी वैद्याकडे जाण्यासही त्यांनी हरकत घेतली नाही.

त्यांच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. त्यांना संस्कृत येत नव्हते, त्यामुळे चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या ग्रंथपरंपरेशी त्यांचा थेट परिचय झाला नाही. देशी वैद्यांकडून माहिती घेऊनही त्यांच्या शास्त्राला त्यांनी नेहमी बरोबरीचे स्थान दिले नाही. वनस्पतींची चित्रे ग्रंथात नाहीत, म्हणून काही ओळखी आजही वादग्रस्त आहेत. शिवाय ज्यांनी झाडे दाखवली, मुळ्या खणून आणल्या आणि उपयोग सांगितले, त्यांपैकी बहुतेकांची नावे ग्रंथात आली नाहीत.

स्मृती

पणजी येथील महानगरपालिकेच्या उद्यानाला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे. पोर्तुगालमधील आल्मादा शहरातील एक मोठे रुग्णालय त्यांच्या नावाने ओळखले जाते, तसेच पोर्तुगालच्या वीस एस्कुदोंच्या एका नोटेवर त्यांचे चित्र छापले गेले होते. जुन्या गोव्यातील त्यांचे घर, बाग किंवा थडगे यांपैकी काहीही आज उरलेले नाही.